अ‍ॅब्लेशननंतरचे अस्तर आणि सोनोग्राफीतला आकडा

प्रश्न : माझे वय ५७ वर्षे आहे. पाळीत फार रक्तस्राव होत असल्याने ४३व्या वर्षी गर्भाशयाचे अस्तर उष्णतेने नष्ट करण्याचा उपचार, म्हणजे एंडोमेट्रियल अ‍ॅब्लेशन, केला होता. रजोनिवृत्तीला सहा वर्षे झाली. मूतखड्याच्या शंकेने नुकतीच सोनोग्राफी केली, तेव्हा अहवालात ‘अस्तर ६ मिलिमीटर, कडा अस्पष्ट’ असा शेरा आला. मला अजिबात रक्तस्राव नाही. जाळलेले अस्तर पुन्हा आले कुठून, आणि बायोप्सी करावीच लागेल का?

उत्तर : या उपचारात अस्तर समूळ जातेच असे नाही. गर्भनलिका जिथे गर्भाशयाला मिळतात, त्या वरच्या कोपऱ्यांत त्याची लहान बेटे अनेकदा शिल्लक राहतात; बाकीच्या जागी व्रण भरताना भिंती एकमेकींना चिकटतात आणि तंतुमय ऊतक तयार होते. सोनोग्राफीत हे ऊतक आणि खरे अस्तर वेगळे ओळखणे कठीण असते, त्यामुळे तुमच्या अहवालातले ६ मिलिमीटर नेमके कशाचे, हे तो अहवालच सांगू शकत नाही.

अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर पुढे तपासावे, ही नेहमी ऐकू येणारी मर्यादा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. रक्तस्राव नसताना ती लावू नये. अशा वेळी ११ मिलिमीटरच्या आसपासचा आकडा अनेक डॉक्टर विचारात घेतात, पण तोही अ‍ॅब्लेशन न झालेल्या गर्भाशयांवरून आलेला आहे. म्हणून केवळ या एका आकड्यासाठी बायोप्सीची घाई करावी, असे मला वाटत नाही. मात्र लठ्ठपणा, मधुमेह, टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध, किंवा घरात गर्भाशयाच्या अथवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल, किंवा पोकळीत द्रव साठलेला दिसत असेल, तर आपल्या डॉक्टरांचा निर्णय वेगळा असू शकतो आणि तो योग्यच असेल. योनीमार्गे सोनोग्राफी झाली नसेल तर ती आधी करावी, आणि तपासणाऱ्याला अ‍ॅब्लेशनची माहिती जरूर द्यावी. ती चिठ्ठीवर लिहायची बहुधा राहून जाते.

पुढे कधी रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी चित्र पूर्ण बदलते. तेव्हा अस्तर पातळ दिसले म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण चिकटलेल्या भिंतींमागचा भाग सोनोग्राफीतून निसटू शकतो. गर्भाशयमुख आकसलेले असल्यास बायोप्सीची नळी आत जात नाही, किंवा गेली तरी एखादा कोपरा सुटतो. अशा वेळी आलेला ‘नमुना अपुरा’ हा शेरा म्हणजे ‘दोष नाही’ असा निर्वाळा नव्हे. मग सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने गर्भाशयाची आतून तपासणी, करतात. व्रण असलेल्या गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका असल्याने ती अनुभवी हातांनीच व्हावी. काहींना एमआरआय लागतो, आणि पोकळी तपासताच येत नसेल व शंका फिटत नसेल, तर गर्भाशय काढण्याचा पर्याय चर्चेला येतो. गर्भाशयमुख बंद असल्यास रक्त बाहेर न येता आतच साठते, त्यामुळे ओटीपोटात वारंवार कळा येऊ लागल्या तर रक्त दिसण्याची वाट पाहू नका.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगतो. अ‍ॅब्लेशनमुळे कर्करोगाचा धोका वाढत नाही. परंतु रजोनिवृत्तीतल्या गरम वाफांच्या त्रासासाठी कधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक सुरू केले, तर ‘अस्तर गेलेच आहे’ असे समजून त्यासोबतचे, अस्तराची वाढ रोखणारे प्रोजेस्टेरॉन वगळू नये. ती उरलेली बेटे एकट्या इस्ट्रोजेनने वाढू शकतात.