वाचकांचे प्रश्न : मेनफ्रेमवर गेलेला सी प्रोग्राम

प्रश्न : मी ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आडनावांची आद्याक्षरांनुसार मोजणी करणारा माझा सी प्रोग्राम डेस्कटॉपवर बिनचूक चालत होता. झेड/ओएस मेनफ्रेमवर (आयबीएमच्या मोठ्या संगणकावर) तो एकही एरर न येता कंपाइल झाला. पण अहवालात जाधव ‘क्यू’खाली आणि पाटील ‘डब्ल्यू’खाली मोजले गेले, शिंदे आणि सावंत तर कोठेच दिसत नाहीत. दुसरा एक छोटा प्रोग्राम फाइल संपली तरी थांबत नाही. हा कंपायलरचा दोष मानावा का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : कंपायलरचा दोष नाही. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक सलग असतात, असे तुमच्या प्रोग्रामने गृहीत धरले आहे. सी भाषेच्या मानकाने तशी हमी फक्त शून्य ते नऊ या अंकांपुरती दिलेली आहे. अ‍ॅस्की या डेस्कटॉपवरील संकेतावलीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ‘ए’ ६५ आणि ‘झेड’ ९०, मध्ये खंड नाही, त्यामुळे डेस्कटॉपवर काही बिघडले नाही. मेनफ्रेमवरील एब्सिडिक संकेतावली मात्र पंच कार्डांच्या रचनेतून आलेली असल्याने तीत अक्षरांचे तीन वेगळे गट पडतात : ‘ए’ ते ‘आय’ १९३ ते २०१, ‘जे’ ते ‘आर’ २०९ ते २१७ आणि ‘एस’ ते ‘झेड’ २२६ ते २३३.

तुमच्या वर्णनावरून प्रोग्रामात २६ घरांचा अ‍ॅरे (सलग घरांची यादी) असावा आणि अक्षरातून ‘ए’ वजा करून घराचा क्रमांक काढला जात असावा. २०९ मधून १९३ गेले की १६ उरतात, आणि ते घर ‘क्यू’चे आहे, म्हणून जाधव तेथे गेले. ‘पी’चे २१५, म्हणजे घर २२, ते ‘डब्ल्यू’चे. ‘एस’ला मात्र ३३ क्रमांक मिळतो आणि तेवढी घरेच अ‍ॅरेत नाहीत. शिंदे-सावंतांची मोजणी अ‍ॅरेच्या बाहेरच्या मेमरीत लिहिली गेली, आणि मला यातील सर्वांत गंभीर बाब हीच वाटते, कारण तेथे दुसरी कोणती माहिती बिघडली असेल हे अहवाल पाहून कळणार नाही. एका स्ट्रिंगमध्ये सव्वीसही अक्षरे क्रमाने लिहून ठेवा आणि आद्याक्षर त्या स्ट्रिंगमध्ये कितव्या जागी सापडते तोच घराचा क्रमांक धरा. अक्षर आहे की नाही हे ‘ए’ आणि ‘झेड’ यांच्याशी तुलना करून ठरवत असाल, तर तेही बदला : एब्सिडिकमध्ये बंद होणारा महिरपी कंस २०८ वर, म्हणजे या दोन टोकांच्या आतच बसतो. त्यासाठी ‘इझअल्फा’ हे फंक्शन आहे.

न थांबणाऱ्या प्रोग्रामात ‘गेटचार’ या एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनने दिलेली किंमत तुम्ही ‘चार’ (एका बाइटाच्या) व्हेरिएबलमध्ये ठेवून तिची ‘ईओएफ’शी, म्हणजे फाइल संपल्याच्या खुणेशी (सहसा उणे एक), तुलना केली असणार. मूलभूत अक्षरांची किंमत ऋण असता कामा नये, अशी मानकाची अट आहे. एब्सिडिकमधील सर्व अक्षरे आणि अंक १२७ च्या वर असल्यामुळे तेथे ‘चार’ चिन्हविरहित (ऋण किंमत न घेणारा) ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. अशा व्हेरिएबलमध्ये उणे एकचे २५५ होतात आणि तुलना कधीच जुळत नाही. व्हेरिएबल ‘इंट’ (पूर्णांकाचे) करा. डेस्कटॉपवरही ही चूक होतीच : २५५ किमतीचा बाइट आला की तेथे वाचन अर्धवटच थांबले असते. जीसीसी या कंपायलरमध्ये ‘चार’ चिन्हविरहित मानण्याचा पर्याय आहे. तो लावून चालवलात, तर हा दोष मेनफ्रेमवर जाण्याआधीच दिसेल.

नावांची क्रमवारीही बदलेल, कारण एब्सिडिकमध्ये लहान लिपीतील अक्षरे मोठ्यांच्या आधी आणि अंक सर्वांत शेवटी येतात. बायनरी फाइल्स नेणार असाल, तर संख्येतील बाइटांचा क्रम तपासा, कारण तो दोन्हीकडे उलटा असतो. डेस्कटॉपवर चार बाइटांत लिहिलेला १ मेनफ्रेमवर तसाच वाचला, तर १,६७,७७,२१६ होतो. एफटीपीने (फाइल्स पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवताना मजकुराची फाइल टेक्स्ट मोडमध्ये आणि बायनरी फाइल बायनरी मोडमध्येच पाठवा, कारण टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक बाइटाचे एब्सिडिकमध्ये रूपांतर होते आणि बायनरी फाइलमधील आकडे नष्ट होतात.