बटणावर मऊ-कडक होणाऱ्या सस्पेन्शनसाठी वरचं व्हेरिएंट घ्यावं का?

पुण्याच्या एका वाचकाने दोन कोटेशनं पाठवली आहेत. गाडी एकच, पेट्रोल एसयूव्ही. मधल्या व्हेरिएंटची एक्स-शोरूम किंमत 18.90 लाख, वरच्याची 20.90 लाख. वरच्यात बटणावर मऊ-कडक होणारे इलेक्ट्रॉनिक शॉकअब्सॉर्बर आहेत, सोबत 18 ऐवजी 19 इंची चाकं, मोठं सनरूफ आणि चांगले स्पीकर. घरात दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1.60 लाख, गृहकर्जाचा हप्ता 38,000, राखीव पैसा दोन महिन्यांच्या खर्चाइतका. वर्षाला साधारण 12,000 किलोमीटर, त्यात कोल्हापूरच्या नियमित फेऱ्या. वडिलांना मणक्याचा त्रास आहे आणि ते मागच्या सीटवर बसतात, म्हणून हा प्रश्न.

आधी किंमत नीट मांडू, कारण फरक दोन लाखांचा नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला 10 ते 20 लाखांपर्यंत 12 टक्के रोड टॅक्स लागतो आणि 20 लाखांवर 13 टक्के. हा वाढीव दर फक्त वरच्या 90 हजारांवर नाही, तर अख्ख्या किमतीवर लागतो. मधल्या व्हेरिएंटचा टॅक्स 2,26,800 रुपये, वरच्याचा 2,71,700. म्हणजे नुसत्या आरटीओत 44,900 रुपये जास्त. तुमच्या कोटेशनमध्ये विम्याचा फरक पाचेक हजारांचा आहे. टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गाडी विकतानाच गोळा केलेला आयकर, एक टक्का; तो 2,000 रुपयांनी वाढतो. ती रक्कम विवरणपत्र भरताना वळती होते, पण गाडी घेताना द्यावीच लागते. एकूण फरक सुमारे अडीच लाख.

डाउन पेमेंट 7 लाखच ठेवणार असाल तर हे अडीच लाख पूर्णपणे कर्जात जातात. 9 टक्के दराने 7 वर्षांसाठी त्यांचा हप्ता 4,022 रुपये होतो आणि कर्ज फिटेपर्यंत 3.38 लाख जातात. तुमच्या वापराने सात वर्षांत 84,000 किलोमीटर होतील, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला चार रुपये. जुन्या गाडीच्या बाजारात गिऱ्हाईक वर्ष, किलोमीटर, इंजिन आणि गिअरबॉक्स बघतं. सात वर्षांनी या फरकातले 50 हजारांहून जास्त परत येतील असं मी हिशेबात धरत नाही.

मधल्या व्हेरिएंटला 15 लाखांचं कर्ज लागतं, हप्ता 24,133. गृहकर्जासकट पगाराचे 38.8 टक्के हप्त्यांत जातात. वरचं घेतलं तर 41.3. मी 40 च्या वर जाऊ देत नाही, आणि राखीव पैसा दोनच महिन्यांचा असताना तर मुळीच नाही.

आता वडिलांच्या पाठीचा मुद्दा, कारण खरा निर्णय तिथेच आहे. बटण दाबल्यावर बदलते ती शॉकअब्सॉर्बरमधल्या तेलाची वाट: वॉल्व्ह उघडतो किंवा आवळतो. स्प्रिंग तीच राहते, गाडीची जमिनीपासूनची उंचीही तीच. (उंची बदलते ती एअर सस्पेन्शनमध्ये, ती वेगळी गोष्ट, तुमच्या कोटेशनमध्ये नाही.) त्यामुळे हायवेवरच्या लांब लाटा, पुलांच्या जोडांनंतरचं डोलणं, घाटातल्या वळणावरचं झुकणं यात फरक जाणवतो. धारदार कडेच्या खड्ड्याचा दणका मात्र आधी टायर घेतो. 235/55 आर 18 टायरची बाजूची भिंत 129 मिलिमीटर असते, 235/50 आर 19 ची 117.5. वरच्या व्हेरिएंटमध्ये शॉकअब्सॉर्बर जे देतात त्यातलं काही ते 19 इंची चाक काढून घेतं. सातारा-कोल्हापूर टप्प्यातल्या वळणरस्त्यांवर (डायव्हर्जनवर) तुमच्या वडिलांना त्रास देणारे दणके याच जातीचे आहेत.

म्हणून ट्रायल स्वतः एकट्याने घेऊ नका. वडिलांना मागे बसवा, दोन्ही व्हेरिएंट त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवा. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या आकड्यावर आणा. यार्डात उभ्या गाड्यांत हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते, आणि तेवढ्याने चांगली गाडीही कडक वाटते. स्पीडब्रेकर, तुटलेल्या डांबराचा तुकडा आणि 80 च्या वेगाचा सरळ पट्टा, तिन्ही त्यात आले पाहिजेत. उत्तर तुमच्या नाही, त्यांच्या पाठीकडून घ्या.

वॉरंटी संपल्यावरचा खर्च कोटेशनवर नसतो. या शॉकअब्सॉर्बरचं सील झिजून तेल गळतं, चिखलपाण्याने कनेक्टर गंजतो, सेन्सरची वायर तुटते. बिघाड झाला की बहुतेक प्रणाली एकाच ठरलेल्या, बऱ्याचदा कडक अवस्थेत अडकतात आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. एक गेला तरी त्या एक्सलवरची (पुढची किंवा मागची) जोडी बदलणं योग्य, आणि इलेक्ट्रॉनिक नग साध्यापेक्षा खूपच महाग असतो. साधा बसवून भागत नाही, कारण कंट्रोल युनिटला वॉल्व्ह सापडत नाही. विमाही इथे उपयोगी नाही: खड्ड्यात आदळून भाग वाकला तर अपघात म्हणून दावा करता येतो, झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड पॉलिसीबाहेर असतात. झिरो डेप (भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं तरी हेच.

बुकिंगआधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवरून पुढच्या आणि मागच्या एकेका शॉकअब्सॉर्बरची किंमत, मजुरी आणि अलाइनमेंट धरून, दोन्ही व्हेरिएंटसाठी लेखी मागा. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या कागदात शॉकअब्सॉर्बर वगळलेल्या भागांत आहे का, तेही तिथेच वाचा. वगळलेला असेल तर माझ्या दृष्टीने वरच्या व्हेरिएंटचा विषय संपला.

माझा सल्ला मधलं व्हेरिएंट घेण्याचा आहे. अपवाद एकच. ट्रायलमध्ये वडिलांना फरक स्पष्ट जाणवला, वॉरंटीत भाग धरलेला निघाला आणि अडीच लाख राखीव पैशाला हात न लावता रोख देता आले, तर जरूर घ्या. दुखणाऱ्या पाठीसाठीचा खर्च हा चैनीचा खर्च नाही. तेव्हाही 18 इंची चाकं बदलून मिळतात का, हे बुकिंगआधी विचारा.

मधलं घेतलंत तर वाचलेल्या हप्त्याचे 4,000 रुपये पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीत जातील अशी बँकेला सूचना द्या. राखीव रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाइतकी होईपर्यंत ती चालू ठेवा. त्यानंतर तेच 4,000 बाजूला साठवून दरवर्षी कार कर्जाच्या मुद्दलात भरा. फक्त मुदतीआधीच्या परतफेडीवर बँक किती शुल्क लावते, ते मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी पाहून घ्या.