फॉर्म लॅपटॉपवर चालतो, सर्वरवर 'धन्यवाद' म्हणतो आणि फाइल मात्र कोरी

तुझा प्रश्न मला कळला तो असा. नागपुरात बीसीए करतोस, मावशीच्या मेससाठी पीएचपीत (सर्वरवर चालणारी भाषा) डबा नोंदवायचा फॉर्म बनवलास. नाव, मोबाइल, साधा डबा की सावजी, बस. माहिती ऑर्डर नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये जमा होते. लॅपटॉपवर झॅम्पमध्ये, म्हणजे आपल्याच मशीनवर सर्वर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नीट चालतं. होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्वरवर, चढवलं तर आधी ४०४ ('पान सापडलं नाही') आला, नावं बदलता बदलता तो गेला. आता बटण दाबलं की 'धन्यवाद' दिसतं, पण फाइलमध्ये एक ओळ नाही. मोबाइलचा रकाना तर लॅपटॉपवरही रिकामाच उतरतो. आणि मित्र सांगून राहिला की सगळ्या फाइलींना ७७७ परमिशन दे, काम होते.

मी मानेवाड्याला बसून बरीच वर्षं हेच उद्योग करतोय, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. मित्राचं ऐकू नको. का ते पुढे सांगतो.

तुझ्याकडे एक नाही, तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि तू तिन्ही एकदम सोडवायला निघालास. माहिती चार ठिकाणांहून जाते: ब्राउझरमधला फॉर्म, सर्वर, तुझी पीएचपी, शेवटी फाइल. कुठे अडली ते आधी बघायचं, मग कोडला हात लावायचा.

मोबाइलचं सगळ्यात सोपं. पैज लावतो, त्या इनपुटला तू आयडी दिलास आणि नेम दिलं नाहीस. ब्राउझर फॉर्म पाठवताना फक्त नेम बघतो. आयडी हा सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या कामाचा, सर्वरपर्यंत तो जातच नाही. लॅपटॉपवरही रिकामं येतं म्हटल्यावर सर्वरचा दोष नाही, हे तुलाच कळायला हवं होतं. पडताळायचं तर एफ१२ दाब, नेटवर्कच्या टॅबमध्ये जा, फॉर्म पाठव, त्या विनंतीवर क्लिक करून पेलोड, म्हणजे पाठवलेली माहिती, बघ. मोबाइल तिथेच नसेल तर पीएचपीची फाइल उघडूसुद्धा नको. नेम असूनही रिकामं असेल, तर एचटीएमएलमध्ये आणि पीएचपीत स्पेलिंग एकच आहे का ते बघ. एकीकडे मोठा एम आणि दुसरीकडे छोटा, एवढंही पुरतं. अजून एक, पुढे कामात पडेल: टिक न केलेला चेकबॉक्स 'नाही' असं पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. डिसेबल केलेला रकानाही तसाच. म्हणून किंमत वाचण्याआधी ती आलीय का, हे पीएचपीच्या इसेट फंक्शननं विचारायचं.

४०४ गेला म्हणतोस, पण कसा गेला ते समजून घे, नाहीतर परत येईल. विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच वाटतं. होस्टिंगवर बहुतेक लिनक्स असतं आणि त्याच्या लेखी मोठ्या एसची सेव्ह आणि छोट्या एसची सेव्ह या दोन वेगळ्या फाइली. माझं पहिलं कमाईचं काम एका संत्र्याच्या कलमांच्या नर्सरीचा चौकशी फॉर्म. मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं, रात्रीचे दोन, आणि मी फॉर्मचा ॲक्शन, म्हणजे माहिती कुठल्या फाइलकडे पाठवायची तो पत्ता, सोळा वेळा वाचला. ॲक्शन बरोबर होता. फाइलचं पहिलं अक्षर मोठं होतं. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या फाइली छोट्या लिपीत, मध्ये स्पेस नाही. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंगही चालू करून ठेव. नोटपॅडमधून सेव्ह केलेली पीएचपी कधीकधी मागे टीएक्सटीची शेपटी घेऊन सर्वरवर जाते आणि आपल्याला दिसतही नाही.

आता खरी गोष्ट: 'धन्यवाद' दिसतं आणि फाइल कोरी.

हे 'धन्यवाद' कुणी म्हटलं? तूच. फाइलमध्ये लिहिणाऱ्या फाइल-पुट-कंटेंट्स या फंक्शनच्या खालच्या ओळीत ते एको करून, म्हणजे पडद्यावर छापून, ठेवलंस. लिहिणं फसलं तर पीएचपी तिथे थांबत नाही, एक वॉर्निंग देते आणि पुढे पळते. झॅम्पमध्ये ती वॉर्निंग पडद्यावर येते, कारण तिथे चुका पडद्यावर दाखवायची डिस्प्ले-एरर्स ही सेटिंग चालू असते. होस्टिंगवर ते सहसा बंद ठेवतात, आणि ठेवावंच, नाहीतर तुझ्या फोल्डरचे पत्ते जगाला दिसतील. म्हणून पहिलं काम: ते फंक्शन काय परत देतं ते तपास. फॉल्स (म्हणजे लिहिणं फसलं) आलं तर 'नोंद झाली नाही, फोन करा' असं लिही. मावशीच्या गिऱ्हाइकाला खोटं धन्यवाद मिळालं तर दुपारी एक वाजता शिव्या मावशीला बसतील, तुला नाही. दुसरं काम: एरर लॉग वाच, म्हणजे सर्वर चुका लिहून ठेवतो ती फाइल. कितीतरी शेअर्ड होस्टिंगवर तो तुझ्या कोडच्या फोल्डरमध्येच पडलेला असतो, नाहीतर कंट्रोल पॅनलमध्ये सापडतो. पोरं दोन-दोन दिवस कोड उलटापालटा करतात आणि लॉग उघडत नाहीत, हे मला कधी समजलं नाही.

लॉगमध्ये बहुतेक दोनपैकी एक सापडेल. 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही' असं असेल तर रस्ता चुकला. तू कुठेतरी सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता लिहून ठेवलास. सर्वरला सी ड्राइव्ह माहीत नाही. रस्ता नेहमी डबल-अंडरस्कोर-डीआयआरपासून (पीएचपीत चालू फाइलचं फोल्डर सांगणारा शब्द) सुरू कर, म्हणजे कोड जिथे असेल तिथून मोजला जाईल.

'परमिशन नाकारली' असेल तर मित्राच्या ७७७ वर येऊ. तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकी सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, यांची बेरीज. ७७७ म्हणजे त्या सर्वरवरच्या कोणालाही लिहायची मुभा. काही होस्टिंगवर तर ७७७ ची पीएचपी फाइल दिसली की सर्वर चालवायलाच नकार देतो आणि ५०० (सर्वरमधली चूक) तोंडावर मारतो. मग तू नवीन भानगड शोधत बसशील. साधारणपणे फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ पुरतं, कारण शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी बहुधा तुझ्याच नावानं चालते. स्वतःचा उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सर्वर घेतला असशील तर अपाची, म्हणजे पानं पाठवणारा प्रोग्रॅम, वेगळ्या नावानं चालतो, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. तिथे फाइल तुझी आणि लिहिणारा तो, म्हणून अडतं. ज्या एका फोल्डरमध्ये लिहायचंय तेवढ्याचीच मालकी त्याला दे.

फाइलमध्ये एकच ओळ दिसली, तीही शेवटच्या माणसाची, तर फाइल-पुट-कंटेंट्सला फाइल-अपेंड, म्हणजे जुनं न पुसता खाली जोड, हे द्यायचं राहिलं. सोबत लॉक-ईएक्स पण दे, म्हणजे एकाचं लिहून होईपर्यंत दुसरा थांबतो. सकाळी साडेदहाला सगळे एकदम डबा नोंदवतात, तेव्हा दोघांच्या ओळी एकमेकांत घुसायला नको.

मराठी नावांचंही सांगून ठेवतो. नाव ५० अक्षरांपेक्षा मोठं नको म्हणून तू लांबी मोजणारं स्ट्रलेन लावलं असेल, तर ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. 'नागपूर' त्याला १८ दिसतं, कारण युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. एमबी-स्ट्रलेन वापर, ते ६ सांगेल. काना-उकार तेही वेगळे मोजतंच, पण इथे चालून जातं. आणि कोडची फाइल सेव्ह करताना युटीएफ-८ बिना बीओएमची (बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला बसणारी न दिसणारी खूण) ठेव, नाहीतर पुढे 'हेडर आधीच गेले' अशी तक्रार येईल आणि पहिल्या ओळीत काही चूक दिसणारही नाही. गंमत अशी की, मावशीला एक्सेलमध्ये उघडायला यादी दिलीस तर तिला तोच बीओएम लागतो, नाहीतर नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

सगळ्यात शेवटी लिहितोय, पण काम सगळ्यात आधीचं. ती टेक्स्ट फाइल पब्लिक-एचटीएमएलमध्ये, म्हणजे सगळ्या जगाला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, आहे ना? मग ब्राउझरमध्ये तुझ्या साइटचा पत्ता, पुढे तिरकी रेघ आणि फाइलचं नाव टाइप करून बघ. उघडली ना? म्हणजे तिच्यात नोंदी पडायला लागल्या की मेसच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा मोबाइल कोणीही वाचू शकेल. ती फाइल पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर, एक फोल्डर वर हलव आणि कोडमध्ये रस्ता बदल. हे आज रात्रीच कर. फॉर्म उद्या सुरू झाला तरी चालेल, एक दिवस मावशी फोनवरच डबे घेईल.

त्यानंतरही अडलं तर कोड टाकू नको. लॉगची शेवटची ओळ आणि नेटवर्क टॅबमध्ये त्या विनंतीसमोर दिसलेला स्टेटसचा आकडा (४०४, ५०० असा) टाक, तेवढ्यावरून सांगतो.