हुमणीसाठी मित्र-सूत्रकृमी सोडले, तरी गुण आला नाही. हा उपाय खरंच चालतो का?

तुम्ही लिहिलंय की मित्र-सूत्रकृमींचं, म्हणजे किडी मारणाऱ्या सूक्ष्म जंतांचं, पाकीट दुपारी आलं, लगेच पंपात घालून झाडांच्या बुंध्याशी फवारलं, आणि 3 आठवड्यांनी उकरून पाहिलं तर मुळं खाणारी हुमणी अळी जशीच्या तशी. माझीही पहिली खेप अशीच वाया गेली होती. भर उन्हात, कोरड्या मातीवर. उपाय खरा आहे. तुमचे सूत्रकृमी बहुधा हुमणीपर्यंत पोचलेच नाहीत.

पाकिटातली ती भुकटी म्हणजे औषध नव्हे. त्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे जिवंत जीव असतात. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यातूनच ते सरकतात. अळी सापडली की तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रांतून आत शिरतात आणि आपल्या आतड्यातले जीवाणू तिच्या रक्तात सोडतात. लहान अळी एक-दोन दिवसांत मरते, हुमणीसारखी दांडगी अळी जरा जास्त वेळ घेते. माती कोरडी असेल तर ते जागीच अडकतात, आणि ऊन त्यांना अजिबात सोसत नाही.

सूत्रकृमींची जात कोणती होती, तेही पाकिटावर बघा. स्टायनरनेमा कार्पोकॅप्सी मातीच्या वरच्या थरात दबा धरून बसतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीखाली कोषात दडलेल्या कॉडलिंग मॉथच्या (फळ पोखरणाऱ्या पतंगाच्या) अळीला तो चालतो. हुमणी खोल मुळांशी असते, तिच्या मागावर जाणारा हेटेरोऱ्हॅब्डिटिससारखा सूत्रकृमी हवा.

पुढच्या वेळी सोडण्याआधी चिमूटभर भुकटी काचेच्या बशीत पाण्यात टाका, खाली काळा कागद धरा आणि 10-15 मिनिटांनी भिंगातून पाहा. जिवंत असतील तर वळवळतात, मेलेले सुईसारखे सरळ पडलेले असतात. (कार्पोकॅप्सी निवांत पडून राहतो, पाणी ढवळलं की हलतो.) निम्म्याहून जास्त सरळ दिसले तर बागेत जायची घाई करू नका, विक्रेत्याला कळवा. लगेच सोडायचे नसतील तर फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीजरमध्ये कधीच नाही.

आदल्या दिवशी पाणी देऊन माती ओलावून घ्या, चिखल मात्र नको. मातीचं तापमान साधारण 15 ते 30 अंश असावं. ऊन कलल्यावर सोडा. पंपाची बारीक जाळी काढून टाका, नाहीतर बरेच तिथेच अडकतात. द्रावण सारखं ढवळत राहा, कारण ते तळाशी बसतात. नेहमीचं प्रमाण चौरस मीटरला अडीच लाख, म्हणजे हेक्टरी 250 कोटी. आकडा ऐकून दचकू नका, एका पाकिटातच कोट्यवधी असतात. वरून हलकं पाणी द्या आणि पुढचे दोन आठवडे ओल तुटू देऊ नका. हुमणी लहान असतानाच गाठा. पूर्ण वाढलेली हुमणी सहजासहजी दाद देत नाही.

मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी वेगळे. हे मित्र-सूत्रकृमी झाडाला, गांडुळाला किंवा माणसाला काही करत नाहीत.

आठवड्याभराने बुंध्याशी हलक्या हाताने उकरा. हेटेरोऱ्हॅब्डिटिसने मारलेली हुमणी विटकरी लाल होते, मऊ पडते, पण तिला कुजका वास येत नाही. अशी दिसली तर उचलून फेकू नका, परत मातीखाली झाका. तिच्यातून पुढच्या दिवसांत हजारो नवे सूत्रकृमी बाहेर पडतील.