फळा सकाळीच लिहावा

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

वाचनालयाबाहेरच्या आपल्या दिनविशेषाच्या फळ्याचा 25 डिसेंबरचा फोटो मिळाला. चांदणी छान काढलीस. 'नाताळच्या शुभेच्छा' हे अक्षरही आता ठसठशीत दिसतंय. खडू पाण्यात बुडवून लिहितेस ना? ते सोडू नकोस. ओल्या खडूचं अक्षर वाळल्यावर उठून दिसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाहीला लागून पुसलं जात नाही.

पण त्याच दुपारी आपल्या एका जुन्या वाचकाचा मला पुण्याला फोन आला. मोंढ्यात हमाली करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. वाचनालयात आत येऊन पेपर उघडायला ते फार उशिरा लागले. त्याआधी कित्येक वर्षं डोक्यावरचं पोतं टाकून परत जाताना फळ्यापाशी थांबायचे, एकेक अक्षर लावत वाचायचे आणि निघून जायचे. ते एवढंच म्हणाले, "सर, यंदा आमचं महाड लिहिलं नाही."

25 डिसेंबर 1927 ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच वर्षी 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी माणसांनी हक्कानं ओंजळीत घेतलं होतं. या दोन्ही तारखा मी चौतीस वर्षं चुकवल्या नाहीत. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला जास्त लागलं. फोनवर बोललो असतो तर रागावल्यासारखं झालं असतं, म्हणून लिहायला बसलो. नाताळ पुसायचा नव्हताच. चांदणी जरा लहान काढली असतीस तर दोन्ही मावलं असतं.

तू विचारलं होतंस की दिनविशेष कुठून घेऊ, मोबाईलवर रोज आयती यादी येते ती चालेल का. यादी बघ जरूर. पण ती यादी नाशिकलाही तीच, नागपूरलाही तीच. आपण उदगीरला बसलोय हे तिला ठाऊक नाही. फळा लिहायच्या आधी मनाशी एक प्रश्न विचारत जा: आज आपल्या गावात ही तारीख कुणाची आहे?

3 फेब्रुवारी घे. त्या यादीत ती बहुधा सापडायची नाही. 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, ती लढाई उदगीरची. दौलताबाद, असीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर एवढं सगळं त्या तहात मराठ्यांकडे आलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी त्या लढाईत मोठं काम केलं. तिथून भाऊ परतूरच्या छावणीत गेले, उत्तरेकडे निघायचं ठरलं, आणि वर्षही पुरं व्हायच्या आत, 14 जानेवारी 1761 ला, भाऊ आणि इब्राहिमखान दोघेही पानिपतात संपले. आपल्या किल्ल्यावर शाळेच्या सहली येतात, पोरं भिंतीवर नावं कोरतात, आणि या गावाच्या नावाची लढाई कधी झाली ते त्यांना माहीत नसतं. म्हणून 3 फेब्रुवारीला मी सगळा फळा त्या एकाच गोष्टीला द्यायचो. तूही दे.

पानिपताचं आठवलं म्हणून माझी एक चूक सांगतो. 'संक्रांत कोसळली' असं आपण सहज बोलून जातो. त्या भरात मी सात-आठ वर्षं 14 जानेवारीला लिहीत होतो, 'संक्रांतीच्या दिवशी पानिपताची लढाई झाली.' एके दिवशी एक निवृत्त गणिताचे शिक्षक आत आले. टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि मला विचारलं, "विवेकानंदांचा जन्म कधीचा?" मी म्हणालो, 12 जानेवारी 1863. "त्या दिवशी संक्रांत होती, हे माहीत आहे?" माहीत नव्हतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. संक्रांत सूर्यावर ठरते, पण ती ज्या हिशेबानं धरतात त्या हिशेबानं इंग्रजी कॅलेंडरात साधारण सत्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकते. आज 14 नाहीतर 15 ला येते, 1863 मध्ये 12 ला होती, म्हणजे 1761 मध्ये त्याहून आधीच येऊन गेलेली असणार. पानिपतावर माणसं मेली त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती आणि तिळगूळ वाटून तीन-चार दिवस झाले होते. मी त्यांच्यासमोरच बाहेर जाऊन ओळ पुसली. तेव्हापासून तारीख दिसली की ती कुठल्या कॅलेंडरातली, हे आधी बघायची सवय लागली.

शिवजयंतीला हे तुझ्या अंगावर येणारच आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. 19 फेब्रुवारीला तू फळा लिहिशील आणि तिथीनं जयंती करणारी मंडळी पुढच्या महिन्यात येऊन विचारतील, 'मग आमची खोटी का?' वाद घालू नकोस. समजावून सांग. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, जन्मतिथी आहे शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया. ती शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. तिथीची इंग्रजी तारीख काढताना 19 फेब्रुवारी 1630 आली ती जुन्या ज्युलियन कॅलेंडराप्रमाणे. आज आपल्या भिंतीवर आहे त्या ग्रेगोरियन पद्धतीनं मोजलं तर तोच दिवस 1 मार्च येतो. राज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीखही जुन्या पद्धतीचीच आहे. इंग्रजांनी स्वतः 1752 मध्ये कॅलेंडर बदललं, तेव्हा 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे 14 सप्टेंबर उजाडला होता! म्हणून मी शासनानं मानलेली तारीख लिहायचो आणि खाली बारीक अक्षरात तिथी आणि शक द्यायचो. दोन्हीकडची माणसं फळ्यासमोर थांबून समाधानानं जायची.

27 फेब्रुवारीला 'राजभाषा दिन' लिहू नकोस. तो मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. राजभाषा दिन 1 मेला असतो. हे दरवर्षी चुकतं, शाळांच्या फलकांवरसुद्धा.

आता 17 सप्टेंबर. ती तारीख यायला अजून अवकाश आहे, पण तिच्याबद्दल मला सवडीनं सांगायचंय. तू पुण्या-मुंबईची पुस्तकं वाचून वाढलीस. त्यांत स्वातंत्र्य 15 ऑगस्ट 1947 ला येतं. उदगीरला ते आलं नाही. आपलं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात. इकडे तिरंगा उघडपणे फडकायला 17 सप्टेंबर 1948 उजाडावा लागला, तेरा महिने वाट बघावी लागली. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव सगळे लिहितात, लिहायलाच हवं. पण आपल्या तालुक्यातलं हत्तीबेट विसरू नकोस. निजामाच्या बाजूच्या रझाकारांशी लढणाऱ्यांचा तळ होता तिथं. त्या गावांतली म्हातारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत. यंदाच्या उन्हाळ्यात वही घेऊन जा त्यांच्याकडे. तारखा विचारू नकोस, त्यांना आठवायच्या नाहीत. 'तेव्हा शेतात काय पीक होतं', 'घरात कोण आजारी होतं' असं विचार, म्हणजे महिना आपोआप कळतो.

आणि याच तारखेची दुसरी बाजू. भारतीय सैन्याच्या त्या पोलीस कारवाईनंतर निजामाच्या संस्थानात मुसलमानांवर भयंकर अत्याचार झाले. भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ लागलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत बिदर होता. आपल्या वाचनालयात उर्दू पेपर वाचायला येणारे एक आजोबा त्या दिवशी कधीच यायचे नाहीत, आणि 18 तारखेला नेहमीसारखे यायचे. मी कधी विचारलं नाही. फक्त त्या दिवसाच्या फळ्यावर कुणाला बोचेल असं विशेषण घालायचं मी सोडून दिलं. निजामाची राजवट संपली, लोक मुक्त झाले, कोण लढलं, कोण हुतात्मा झालं, हे लिही. मोठ्या अक्षरात लिही. त्या आनंदात काही खोट नाही. पण शब्द असे निवड की तो फळा त्या आजोबांनाही वाचता यावा.

1 नोव्हेंबर 1956 हीसुद्धा आपली तारीख. भाषावार प्रांतरचनेत त्या दिवशी बिदरची सोबत सुटली, आपण मराठवाड्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेलो. 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला. घर न हलवता पत्ता बदलत गेलेल्या गावात आपण राहतो.

फळा सकाळीच लिहायचा, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. 1993 पर्यंत मी दुसऱ्या दिवसाचा फळा आदल्या रात्री लिहून घरी जायचो. 29 सप्टेंबरला गणपती विसर्जन होतं. मिरवणुकीच्या आधी घाईघाईत 30 तारखेचं लिहून ठेवलं, वर रंगीत खडूनं वेलबुट्टी काढली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली, जवळजवळ दहा हजार माणसं. दिवस उजाडल्यावर लोक बातमीसाठी वाचनालयासमोर जमले, आणि फळ्यावर माझी गुलाबी वेलबुट्टी. एक बाई, तिचं माहेर तिकडचं होतं, ती त्या फळ्याकडे बघत उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "यात आमच्या गावाचं नाव आहे का?"

मी हातानंच पुसला तो फळा. त्यानंतर एकदाही रात्री लिहिला नाही.

सणांच्या बाबतीतही सकाळच बरी. ईद चंद्रावर असते, आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की होत नाही. कॅलेंडरवरचा लाल आकडा बघून लिहून मोकळी होऊ नकोस, रात्री गावातल्या चौबाऱ्यात कुणालाही विचार. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. आपले सण तसे फिरत नाहीत, कारण अधिक महिना त्यांना मागे ओढून धरतो. 3 मे 2022 आठवतो? उदगीरच्या साहित्य संमेलनाचे मांडव उतरून जेमतेम दहा दिवस झाले होते. त्या दिवशी रमजान ईद, अक्षय्य तृतीया आणि महात्मा बसवेश्वरांची जयंती, सगळं एकत्र आलं. आपला फळा चार फूट बाय तीन फूट. मी तीन वेळा पुसून पुन्हा मांडला, आणि शेवटी कुणालाच वर-खाली न ठेवता तीन उभे रकाने केले. उन्हात शिरखुर्म्याचा डबा आला आणि आंबरसाचाही. तो माझा सगळ्यांत आवडता फळा आहे.

जानेवारी भरगच्च असतो. 3 ला सावित्रीबाई, जन्म 1831, नायगाव. 6 ला 'दर्पण', 1832, बाळशास्त्री जांभेकर. त्या दिवशी गावातल्या वार्ताहरांना आत बोलावून चहा पाजायची आपली पद्धत आहे, दूध जास्त सांगून ठेव.

11 तारखेचं काय लिहू, असं विचारलंस. 11 ला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. मी 10 ला रात्रीच्या बसनं पुण्याहून निघतोय, सकाळी सहापर्यंत उदगीर. तू सातला ये, मी फळ्यापाशी असेन. 'आज वेळ अमावस्या. वाचनालय बंद' एवढीच ओळ लिहू आणि तसेच आमच्या शेतावर जाऊ. कडब्याची कोप घालून झालीय, पांडवांना, म्हणजे पूजेच्या पाच दगडांना, चुना लावायचा तेवढा राहिलाय. तुझ्या आईला म्हणावं, आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मडकं, आमच्याकडून येईल, भज्जी मात्र तुमच्या घरची हवी.

आणि येताना एक जुना पंचा घेऊन ये. संध्याकाळी परतताना फळा ओल्या पंचानं धुऊन ठेवू. 12 ला जिजाऊही आहेत आणि विवेकानंदही, जागा दोघांना पुरली पाहिजे.

तुझा,
सर