एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) नॉर्मल आली, तरी रात्री तळपायांची आग होते. आता कोणाला दाखवू?

न्यूरॉलॉजिस्टलाच पुन्हा दाखवा आणि ‘स्मॉल फायबर न्यूरोपथी (बारीक नसांचा आजार) असेल का?’ असं थेट विचारा. एनसीव्हीत फक्त जाड, वेगवान नसा तपासल्या जातात. आग नि टोचणी पोचवणाऱ्या बारीक नसा त्यात येतच नाहीत. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणं मनाचं’ असं कोणी म्हटलं तर मुळीच ऐकू नका. मलाही हाच त्रास आहे, रात्री पायावर चादरसुद्धा सोसत नाही. जाताना एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि व्हिटॅमिन बी१२चे रिपोर्ट न्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ची तपासणी हवीच, कारण तिने बी१२ कमी होऊ शकतं. निदान पक्कं करायला घोट्याच्या वरून ३ मिमी त्वचा काढून बायोप्सी करतात. पायातली ताकद कमी होत असेल, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.