घरून काम करणारी टीम आणि विश्वास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या टीममधले नऊही जण घरून काम करतात. दर शुक्रवारी मी ऑनलाइन खेळ घेते, तरी एकमेकांबद्दलचा संशय जात नाही. कुणाचं उत्तर उशिरा आलं की ‘हा कामच करत नाही’ अशी कुजबुज सुरू होते. वरिष्ठ सुचवतात की स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवावं. बसवू का?

उत्तर : नको. माउस किती हलला एवढंच त्यातून कळेल. शिवाय आपल्यावर नजर आहे म्हटल्यावर लोक कामापेक्षा कामात दिसण्याचीच काळजी जास्त घेतात.

तुमच्याकडे खरी अडचण न आलेल्या उत्तराची आहे. वेगवेगळ्या ठिकाणांहून एकत्र काम करणाऱ्या गटांचा कॅथरीन क्रॅम्टन यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. समोरचा गप्प राहिला की जो तो आपापला अर्थ लावतो, हे त्यात ठळकपणे दिसलं. कुणाला ती संमती वाटते, कुणाला नाराजी. प्रत्यक्षात मेसेज पोचलेलाच नसतो किंवा माणूस दुसऱ्या कामात अडकलेला असतो. ऑफिसात शेजारची रिकामी खुर्ची दिसते, म्हणून असे गैरसमज तिथे लवकर फिटतात. दूर बसलेल्यांना ते दिसत नाही आणि परिस्थितीचा दोष माणसाच्या माथी बसतो.

म्हणून आधी उत्तराची मुदत ठरवा आणि ती लिहून सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. उदाहरणार्थ, चॅटला कामाच्या वेळेत चार तासांत, ईमेलला पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, खरंच तातडीचं असेल तर थेट फोन. पूर्ण उत्तर तयार नसेल तर ‘वाचलं, उद्या दुपारपर्यंत कळवतो’ एवढी पोच पुरे. सुट्टी, डॉक्टरची वेळ, मुलांना आणायला जाणं हे सामायिक कॅलेंडरवर टाका. कारण लिहायची सक्ती नको.

दुसरं, रोज सकाळी प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या : काल काय संपलं, आज काय हाती घेतोय, कुठे अडलंय. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी मरते, आणि ती तिसऱ्या ओळीवर मरते. ‘अडलंय’ लिहूनही कुणी मदतीला येत नाही असं दिसलं की थोड्याच दिवसांत सगळे ‘अडचण नाही’ लिहू लागतात, आणि मग उरते नुसती हजेरी. त्या ओळीला त्याच दिवशी उत्तर देणं ही तुमची जबाबदारी. सुरुवातीला तुमचं स्वतःचं अडलेलं काम तिथे लिहा, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपेल.

कामं दोन-तीन दिवसांत संपतील एवढी लहान करा. प्रत्येक कामापुढे एकच नाव, एकच तारीख. तारीख चुकणार असेल तर ती उलटण्याआधी सांगायचं. दिलेला शब्द पाळला जातोय हे वारंवार दिसलं की संशयाला जागा उरत नाही. कितीही खेळ खेळलात तरी हे काम त्यांनी होणार नाही. खेळ ठेवायचेच असतील तर कामाच्या वेळेत ठेवा आणि ऐच्छिक ठेवा. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी जोड्या बदलून दोघांना एकाच कामावर बसवा. ओळख त्यातून जास्त होते.

प्रत्येकाशी पंधरवड्यातून एकदा अर्धा तास एकट्याने बोला. पहिली दहा मिनिटं त्यांची. कामाचा आढावा तिथे घेऊ नका, तो तीन ओळींत आलेलाच असतो. वेळ जमली नाही तर भेट पुढे ढकला, पण रद्द करू नका. रद्द झालेल्या भेटीचाही लोक अर्थ लावतात.

प्रश्न : मी टीममध्ये नवीन आहे. सगळ्यांसमोर शंका विचारायला संकोच वाटतो, म्हणून एकाच सहकाऱ्याला खासगी मेसेज करतो. चालेल ना?

उत्तर : पहिले काही दिवस चालेल, पुढे नाही. त्या एकावर भार पडतो आणि तुम्ही काय करताय हे बाकीच्यांना कळतच नाही. अर्धा तास स्वतः शोधा, मग सामायिक चॅनलवर विचारा : काय करायचंय, काय करून पाहिलं, नेमका कोणता एरर आला. नुसतं ‘हॅलो, आहात का?’ लिहून थांबू नका. समोरच्याला प्रश्न वाचताच उत्तर देता आलं पाहिजे. उत्तर मिळालं की ते टीमच्या माहितीपानावर तुम्हीच लिहून ठेवा.

प्रश्न : मीटिंगमध्ये कॅमेरा सक्तीचा करावा का?

उत्तर : पहिली ओळख, एकट्याशी होणारं बोलणं, मतभेदाचा विषय या वेळी आग्रहाने विनंती करा. तीस जणांनी नुसतं ऐकायच्या मीटिंगला अजिबात नको. पैसे खर्च करायचे तर आधी मायक्रोफोन आणि चांगल्या इंटरनेटवर करा. आवाज पोचायला १.२ सेकंदांपर्यंत उशीर झाला, तरी ऐकणाऱ्याला पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा वाटतो, असं २०१४ च्या एका जर्मन प्रयोगात आढळलं. त्यामुळे प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजा आणि मगच पुढे बोला. तेवढ्या वेळात कुणीतरी म्यूट काढत असतं.